नदीपार सोडलेली मांजरं

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळत आलो. चारचौघांत कोणी माझ्या भूतदयेचं कौतुक सुरू केलं, की मी खोकत उठायचो आणि पान खायला निघून जायचो. लोकांना वाटायचं, काय साधा माणूस! साधा कसला? आता वय झालं. खरं काय ते लिहून टाकतो.

मी काळीपिवळी जीप चालवत असे. वैनगंगेच्या अलीकडच्या आमच्या गावातून पूल ओलांडून चामोर्शीपर्यंत. आत माणसांवर माणसं, टपावर सायकली, मागे लोंबकळणारे वेगळे. आणि माझ्या सीटखाली बहुतेक वेळा एक पोतं. पोत्यात मांजर.

आमच्याकडे पक्की समजूत, की मांजर कितीही लांब सोडा, ते घरी परत येतं. नदी ओलांडून सोडलं तरच वाट विसरतं. आणि रोज नदी ओलांडणारा माणूस मी. मग काय! दुधात तोंड घातलं, मांजर गाडीत. धानाच्या कोठीमागे व्यालं, पिल्लांसकट गाडीत. लेक बाळंतपणाला आली, मांजर निघालं. हौसेनं आणलेली कुत्र्याची पिल्लं मोठी होऊन चपला खायला लागली, की तीही. घरच्या पोरांना सांगायचं, "बिबट्यानं नेलं." जंगलाला लागून गाव, शंका कोण घेणार? बिबट्यानं तेवढी सगळी खरंच खाल्ली असती, तर त्याला पोट घेऊन झाडावर चढता आलं नसतं.

मला नाही म्हणता येत नसे, आणि मारून टाकण्यापेक्षा बरं, असं मनाला सांगणं सोपं होतं. आमच्या घरचं ठिपक्याचं मांजरही मीच नेलं. बायको बिबट्याला शिव्या घालत राहिली, मी मान खाली घालून भात खात राहिलो.

पुलापलीकडे एका बाईची चहाची टपरी होती. बाई एकटी राहायची. मी टपरीच्या जरा आधीच्या वळणावर झुडपात पोतं मोकळं करायचो आणि पुढे तिच्या बाकावर चहाला बसायचो. माझा चहा संपायच्या आत मांजर भाताच्या वासानं तिथं हजर. ती कोणाला हाकलत नसे. टपरीमागे पत्रे आणि बांबू लावून तिनं सगळ्यांची सोय केली होती. तिथं आंधळं कुत्रं होतं, तीन पायांची शेळी होती आणि माझी मांजरं.

"कोन मेला सोडून राह्यला बापा इथी?" ती कपाळावर हात मारायची. "त्याच्या घरी उंदीर नाचो!"

"नाचो!" मी म्हणायचो.

"त्याच्या बायकोचे लुगडे कुरतडो!"

"कुरतडो!" म्हणत मी बशीत चहा ओतायचो.

आणि उंदीर खरंच नाचले. आधी धान खाल्लं, मग लुगडी. बायको म्हणाली, "आपलं मांजर अस्तं तं हे झालं नस्तं." मी बिबट्याला आणखी एक शिवी घातली.

मग एका बाजाराच्या दिवशी सीटखाली एक दांडगा बोका होता आणि मागे आमच्याच गावची मासेवाली टोपली घेऊन बसलेली. ऐन पुलावर पोतं उठून उभं राहिलं.

"अबे, पोतं चालून राह्यलं!" कोणीतरी ओरडलं.

पोतं फाटलं. बोका उडाला तो, मुलगी पाहायला निघालेल्या एका पाहुण्याच्या नव्या टोपीवर, तिथून टोपलीत, आणि तोंडात मासा धरून थेट माझ्या मांडीवर.

"भाऊ, गाडी थांबवा!"

"पुलावर कुठी थांबवू?"

"माहा मासा! माहा मासा!"

"मासा जाऊ दे बाई, माही टोपी पाहा!"

बोका मांडीवर घेऊन मी टपरीपर्यंत गाडी रेटली आणि ब्रेक दाबला. दारं उघडली नि सगळी गाडी रस्त्यावर सांडली. बोका उडी मारून बाईच्या पायाशी गेला. माझ्या हातात रिकामं पोतं. बाईनं बोक्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. संपलं सगळं, असं मला वाटलं.

"भाऊ," तिचे डोळे भरून आले, "लोकं पुलावरून फेकते, आन् तुमी वाचवून आनता यायले?"

उतारूंना सगळं माहीत होतं. अर्धी पोती त्यांच्याच घरची! जो तो रस्त्यावर सांडलेलं सामान गोळा करायला वाकला. शेवटी मासेवालीच बोलली, "हो ना वं बाई, भाऊ लय जीव लावते." तिचं स्वतःचं मांजर मागच्याच बाजाराला माझ्या गाडीतून गेलं होतं.

बाईनं मला कुंकू लावलं. मी लावून घेतलं.

पुढे शहरातली काही मंडळी तिच्या मदतीला आली, पक्की शेड झाली, आणि तिच्या आग्रहावरून उद्घाटनाचं भाषण मला करावं लागलं. मी तर सुटलोच! पाळलं की शेवटपर्यंत सांभाळा, पिल्लं नको असतील तर नसबंदी करा, नदीपार सोडणं म्हणजे पाप. पोती देणारे समोर बसून टाळ्या पिटत होते. त्यानंतर मात्र कोणाची मला पोतं द्यायची हिंमत झाली नाही, आणि गाडी बंद करेपर्यंत मीच मांजरं तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ऑपरेशनला नेत राहिलो. पण म्हणून आधीचं फिटत नाही. शेड व्हायच्या आधी आपला भात जनावरांना घालून बाई कितीदा कोऱ्या चहावर झोपली, ते मी पाहिलं आहे.

यंदा ठरवून गेलो. बाईला आता ऐकू येत नाही. कानाशी वाकलो, "बाई, एक सांगाचं होतं."

"जोरानं बोला भाऊ, कान गेले माहे."

"ते पोते…"

"आखीन जोरानं!"

बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी छाती भरून ओरडलो, "चहा लय चांगला झाला!"

"मंग घ्या ना!" म्हणून तिनं आणखी एक कप भरला. तेव्हापासून अनेकदा गेलो. दर वेळी पोटभर चहा पिऊन परत आलो.

सांगायचं होतं ते एवढंच: बाई, पुलावरून मी एकबी जीव वाचवला नाई. मीच आनून सोडत होतो. तुमी हाकलत नाई, हे मले ठाऊक होतं, म्हनून तुमच्याच दारी सोडत होतो. तुमच्या ताटातला भात मी नेला, बाई. मले माफ करा.