रांगेतला शेवटचा माणूस

अंदमानातल्या एका बेटावर, समुद्राकाठच्या राखीव जंगलातून आम्ही साताऱ्याचे तिघे चाललो होतो. मी पुढे, पत्नी आणि मुलगी बऱ्याच मागे. त्यांच्यामागून कुंडलचे एक कुटुंब येत होते. त्यांच्यातला सैन्यातून निवृत्त झालेला एक माणूस सगळ्यांत शेवटी चालत होता. गुडघे दुखणाऱ्या आपल्या आईला त्याने घरच्यांच्या पुढे ठेवले होते.

"आवं साहेब, एकटंच कुठं पळताय?" त्याने हाक मारली. "आमी पलटणीत लंगड्याला म्होरं घालायचो. मग कुनी मागं ऱ्हात न्हाई."

"लंगडी कुनाला म्हनतोस रं?" म्हातारीने काठी उगारली.

माझी मुलगी खळखळून हसली. माझ्याशी ती सकाळपासून धड बोलली नव्हती. आता ती म्हातारीचा हात धरून चालू लागली. तो मागून नुसता "खेकडा!" म्हणाला, तरी सगळी रांग थांबे, तीही. मला त्याचा हेवा वाटला.

मी झपझप पुढे गेलो. किनाऱ्यावर सावलीत एकच बाक होता. शेजारची जागा मुलीसाठी राखून मी बसलो.

"बाबा, उठा ना, आजींना बसायचंय," ती आल्याआल्या म्हणाली.

मी उठलो. आजी बसल्या, शेजारी मुलगी बसली. मग थोडी सरकून तिने त्या माणसाला हाक मारली, "काका, या ना, जागा आहे."