मेणाने बुजवलेली चीर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. किसन आता नाही, एवढंच.

मी कडप्पा बसवायचो. संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे निघत होते, त्या वर्षांतली गोष्ट. दादरच्या नव्या इमारतींत उभ्याने स्वयंपाक करायची टूम निघाली होती, त्यामुळे ओट्यांची कामं भरपूर. किसन माझा जोडीदार, चिंचपोकळीच्या चाळीतला. त्याच्यासारखा दगड उचलणारा मी दुसरा पाहिला नाही.

ओट्याच्या दगडाला दोन मोठी भोकं पाडावी लागत — एक शेगडीचं, एक सिंकचं. मग भोकांच्या पुढे-मागे चार-चार बोटं दगड उरतो, बस. असा दगड उभा धरूनच न्यायचा आणि त्या अरुंद कडेला लाकडी फळी बांधायची. भोक पाडतानाही आधी कोपऱ्यात गोल छेद घ्यायचा, मग छिन्नी. मी तो छेद घेतला नाही. संध्याकाळी सभेला जायची घाई होती — नाही, हेही खोटं. कंटाळा आला होता.

कोपऱ्यातून पुढच्या कडेपर्यंत चीर गेली. केसाएवढी. मी मेणात काजळ कालवलं, चिरेत भरलं, फडक्याने घासलं. दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी दगड वर चढवायचा होता. किसन म्हणाला, "दत्ता, फळी बांधू या ना रे?"

"कशाला? दोन जिने तर आहेत," मी म्हणालो. खरं कारण? फळी बांधायला तो त्या कडेशी वाकला असता. चीर त्याच्या नजरेतून सुटली नसती.

तो खालच्या अंगाला, मी वर. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर दगड कडकन मोडला आणि खालचा तुकडा त्याच्या उजव्या हातासकट पायरीवर आदळला. तो ओरडला ते — नको. लोक धावले, त्याला उचलून खाली नेलं. आणि मी काय केलं? जिन्यात बसून तुटलेल्या कडेवरचं मेण नखांनी खरवडून काढलं. शेजारी त्याचं रक्त होतं.

घरमालक आले. मी म्हणालो, "किसनचा हात सुटला." किसनने नुकताच धम्म स्वीकारला होता, तो स्वयंपाकघरात आला की मालकांच्या कपाळावर आठी पडायची. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. विचारणार नाहीत, हे मला ठाऊक होतं — म्हणून तर मी बोललो.

तीन बोटं काढावी लागली. पण त्याहून वाईट सांगू? किसनलाही ते पटलं. इस्पितळात मी त्याच्या तोंडावर तेच सांगितलं आणि तो आठवत राहिला. आठवून आठवून त्याला स्वतःचा हात सुटलेला दिसायला लागला. पुन्हा कुणी त्याला दगडाच्या कामावर घेतलं नाही. पुढे तो कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर राखण करायचा.

राज्य मिळालं त्या दिवशी चाळीच्या चाळी रस्त्यावर होत्या. किसन पेढे घेऊन माझ्या दारी आला. डाव्या हाताने पेढा माझ्या तोंडात घातला.

"माझ्यामुळं तुझं काम बिघडलं, दत्ता. मनात ठेवू नको."

त्याने हात जोडले — उजवा उरला होता तेवढा.

मी पेढा गिळला. म्हणालो, "जाऊ दे रे. केलं माफ."