आबा पाण्याला घाबरले नव्हते

ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात मी रावेर स्टेशनवर मुंबईच्या गाडीत बसलो तेव्हा निरोप द्यायला अकरा माणसं आली होती, आणि त्यांतल्या एकालाही सोडताना मला वाईट वाटलं नाही. गाव सोडून गेलेली माणसं पुढे फार गोड लिहितात, म्हणून हे आधीच सांगतो. माझ्या शर्टावर केळीच्या चिकाचा डाग होता. तो कुणाला दिसू नये म्हणून भुसावळपर्यंत मी छातीशी पिशवी धरून बसलो. आबा, म्हणजे माझे वडील, खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "पोहोचला की कार्ड टाकजो." मी टाकलं नाही.

मुंबईत पंपांच्या कंपनीत वर चढत गेलो आणि नव्वदच्या सुमारास एक शिडाची बोट विकत घेतली. 'आपल्या चौधरीचं जहाज' असं गावात झालं. मी होऊ दिलं. खरं तर ती एकतीस फुटांची, फायबरची, कुणीतरी वापरून कंटाळलेली वस्तू होती. आत चार माणसं आडवी होतील एवढ्या फळ्या, एक स्टोव्ह आणि हाताने पंप मारावा लागणारा संडास. पावसाळ्याचे चार महिने ती किनाऱ्यावर ताडपत्रीखाली पडून राहायची. उरलेल्या आठांतले निम्मे दिवस तळाला चिकटलेली कालवं खरवडण्यात आणि कुजलेले दोर बदलण्यात जायचे. वारा मिळाला तर मांडव्यापर्यंत जायचं, आणि परत येऊन क्लबात आफ्रिकेला वळसा घालून आल्यासारखं बोलायचं.

त्या क्लबातली माणसं आठवली की आजही तोंड कडू होतं. वारसाहक्काने मिळालेल्या जमिनीबद्दल बोलावं तसं ती वाऱ्याबद्दल बोलत. त्यांच्यात शोभावं म्हणून मी दोराला दोर म्हणणं सोडलं; शीट म्हणू लागलो, हॅलियर्ड म्हणू लागलो. त्यांच्यापेक्षा मी वाईट होतो, कारण ती जन्मापासून तशी होती आणि मी शिकून तसा झालो होतो.

आमच्याकडे नवीन ट्रॅक्टर येवो की विहिरीवर इंजिन बसो, दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधून पूजा होते आणि बागेतली एक फणी त्या वस्तूपुढे ठेवतात. पोराच्या बोटीची पूजा झालेली नाही हे कळल्यावर आबा एका जानेवारीत मुंबईला निघाले. बरोबर केळीची दोन कोवळी खुंटं, आणि वाळलेल्या पानांत बांधलेली फणी. घडावरून बोट फिरवून तो कोणत्या दिवशी पिकेल हे ते सांगत. ही फणी त्यांनी अशी निवडली होती की रविवारी सकाळी, बोटीवर, ती बरोबर पिवळी व्हावी. झालीही.

धक्क्यावर माझा क्लबातला मित्र बक्षी आणि त्याची बायको आधीच येऊन थांबली होती. आबांच्या हातातलं गाठोडं बघून बक्षी ओरडला, "अरे चौधरी, बोट पे केले? मरवाओगे क्या?"

आबांनी मला विचारलं, "काय म्हनता ते?"

"बोटीवर केळी नेत नाहीत, आबा. अपशकुन असतो."

"केळीचा अपशकुन?" ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. "आन् पूजेले?"

"कशालाच नाही."

हा समज गोऱ्या खलाशांचा. आमच्या पूजेला बक्षी गावंढळपणा म्हणायचा आणि याला परंपरा. मला दोन्ही सारखंच खोटं वाटायचं, पण लाज एकाचीच वाटायची.

आबांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "मंग केळी अठीच ठेवतो. मी येतो."

इथे केळ्यांचा प्रश्न संपला होता. तरी मी म्हणालो, "तुम्हीपण इथेच बसा. तुम्हाला झेपायचं नाही." बक्षीची बायको त्यांच्या भेगाळलेल्या पायांकडे बघत होती, त्यापलीकडे कारण नव्हतं. भोपळ्यांची सांगड बांधून तापीचा पूर ओलांडणाऱ्या माणसाला मी हे सांगितलं. "बरं," असं म्हणून ते पायरीवर बसले.

त्या दिवशी वारा पडला. एकही केळं नसलेल्या बोटीत आम्ही तीन तास एकाच जागी, शीड लोंबकळत, चीज खात बसलो. तिथून धक्का दिसत होता. मी त्या बाजूला पाठ केली. परत आलो तेव्हा होडीवाल्यांनी फणी संपवली होती. एकजण आबांना म्हणत होता, "काका, हे असलं केळं आमच्या नशिबी कुठलं!" आणि आबा त्याला खुंटं कुठे लावायची ते समजावत होते.

पंधरा दिवसांनी धाकट्या भावाचं, नानाचं पत्र आलं. 'आबा सांगतात, पाणी बघून त्यांना भेव वाटलं, बोटीत पाय टाकवला नाही. बठ्ठं गाव हसून राह्यलं.' मी ते दोनदा वाचलं. आबांनी माझी लाज झाकायला स्वतःला भित्रा केलं होतं. मला दोन ओळींचं उत्तर लिहायचं होतं. मी लिहिलं नाही. त्यानंतर ते सात वर्षं जगले, आणि दर सुट्टीत मी गावी गेलो की कुणीतरी विचारायचं, "काय आबा, गेले नई बोटीत?" आबा माझ्याकडे न बघता हसायचे. मीही हसायचो. बोट मी पुढे विकली. तिचं काय झालं ते विचारलं नाही.

मागच्या वर्षी पुतण्याच्या लग्नात नवरदेव घोड्यावर चढायला बिचकला तेव्हा कुणीतरी ओरडलं, "चढ रे, आज्यासारखा पाय मागं नको घेऊ!" मांडव हसला. ज्यांनी आबांना कधी पाहिलंही नाही अशी पोरंसुद्धा हसली. गावात आता आबांचं एवढंच उरलंय.

नाना, हा कागद घरात ठेवू नकोस. बसस्टँडवरच्या चहाच्या दुकानात, सकाळी सगळे जमतात तेव्हा, मोठ्याने वाच. माझ्यासारखेच जे बाहेर गेले, पुण्यात, सुरतेत, अमेरिकेत, त्यांनाही पाठव; त्यांनीही कुणाला तरी पायरीवर बसवलं असेल. गावात माझं घर आहे असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. ते आबांच्या त्या एका खोट्यावर उभं होतं. आता हे वाचून कुणी मला दारात उभं केलं नाही तरी चालेल. पण माझ्या बापाला भित्रा म्हणू नका. तो बोटीत यायला निघाला होता.