दोन हाका

भूतबित मी कधी मानलं नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवलं... भूत समोर आलंच तर त्याला एकोणतीसचा पाढा म्हणायला लावीन, अशी माझी ख्याती! तरीही हे लिहिते आहे. हसायचं तर हसा.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझं माहेर सांगली, सासर कोरेगाव. आमचे हे मिलिटरीत, तेव्हा पोस्टिंग आसामला. घरी मी, सासूबाई आणि आठ वर्षांची सुमन. सासूबाईंचा एक नियम होता — भर दुपारी कुणी नावानं हाक मारली, तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. "ते दोनदाच बोलावतं बघ. आन् वळखीच्या आवाजात बोलावतं." नातीनं तो नियम इतका मनावर घेतला, की जेवायला बोलवायचं तरी मला तीनदा ओरडावं लागायचं.

त्या हिवाळ्यात गावात गालगुंडाची साथ आली. सुमनचे दोन्ही गाल टम्म फुगले. सासूबाईंनी सांबरशिंग उगाळून लेप लावला. "चार दिसांत उतरंल, भिऊ नगंस." सूज उतरलीही. आणि मग ताप चढला... उलट्या, डोकं धरून किंचाळणं, मान वळेना. तशीच साताऱ्याला नेली. डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढून तपासलं. म्हणाले, "गालगुंडाचा आजार मेंदूपर्यंत गेलाय, मेंदूला सूज आहे. यावर खास औषध नाही. वाट बघायची."

सुमन शुद्धीत नव्हती. खिडकीला चादर लावलेली, आणि सिस्टरनी दम दिलेला — "अजिबात आवाज नको. हाका मारायच्या नाहीत." मी तोंडात पदर कोंबून बसायचे. पोरीला जोरात हाक मारावी असं इतकं वाटायचं! पण मारली नाही. एकदाही नाही.

एका दुपारी मिटल्या डोळ्यांनीच तिनं एक बोट वर केलं. थोड्या वेळानं दोन. हात तसाच थरथरत राहिला, मग खाली पडला. मला वाटलं, झटका आला. सासूबाई मात्र तिच्या उशाशी वाकून पुटपुटत होत्या, "गप ऱ्हा माजी बाय. तिसरी न्हाई आली अजून."

संध्याकाळी सुमननं डोळे उघडले, पाणी मागितलं. मी रडतही होते, हसतही होते.

"कुणीतरी बोलवत हुतं," ती म्हणाली. "दोनदाच. म्हणून ओ दिली न्हाई मी."

"कोण गं?" मी विचारलं. ती नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. पुन्हा विचारलं, तरी तेच. तिला ऐकूच येत नव्हतं. दोन्ही कान गेले होते, कायमचे.

पुढं ती ओठांवरून बोलणं ओळखायला शिकली, शिवण शिकली. सासूबाई केव्हाच गेल्या, हेही गेले. आता सांगलीत आम्ही दोघीच. पण वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या दुपारी तिचं मशीन थांबतं. एक बोट वर होतं... मग दुसरं. ती थोडी थांबते, आणि पुन्हा कापडाला हात घालते. डॉक्टर म्हणतात, बहिऱ्या कानांना आवाज भासतात. भासत असतील. पण नावानिशी? आणि दर खेपेला दोनच?

तो आवाज कुणाचा, हे ती कधी सांगायची नाही. परवा मी हट्टच धरला.

"तुझा," ती म्हणाली. "तवापासनं तुझाच. तुला लागंल म्हणून बोलले न्हाई."

या सगळ्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. ऐंशी पार केली, आता लागेलसं वाटतही नाही. भीती मात्र वाटते... उद्या मी नसताना एखाद्या दुपारी माझ्या आवाजात हाक आली तर? म्हणून मी तिला रोज बजावते — तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही.

ती माझ्या ओठांकडं बघते आणि हसते.

"तू गेल्यावर मग कशाला थांबू गं, आई?"