वेगाचीच सायकल घ्या, असं मी का म्हणाले

काल सकाळी पिंपात पाणी भरत होते, तेवढ्यात शेजारच्या महादेवीवहिनी आल्या. "ताई, तुमी सगळं वाचता की! सायकल निवडायला चला."

दुकानात दोन महागड्या सायकली होत्या. एक वेगवान, पण वाकून चालवायची. दुसरी थोडी हळू, पण हँडल उंच; दिवसभर चालवली तरी पाठ धरत नाही.

सोबत आलेले वहिनींचे मिस्टर त्यांना म्हणाले, "तू आरामाची घे. मी तुझ्या मागं येतो."

"व्हय, मागून चेष्टा करायला!"

आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. मला ते बोलणं सोसेना. वहिनींची कंबर दुखते हे ठाऊक असूनही मी म्हणाले, "वेगाचीच घ्या." त्यांनी विश्वासानं घेतली.

मैत्रिणींनो, दुसऱ्यांच्या जोडीचा असा मत्सर तुम्हाला कधी वाटलाय?

आज सकाळी मी वहिनींच्या घरी जाऊन खरं काय ते सांगितलं.