दाराचं कुलूप

दुष्काळात आम्ही माजलगावातल्या सहकारी सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. वास्तू तपासली, दाराला भारीतलं कुलूप घेतलं आणि शोभत नाहीत म्हणून पाण्याची पिंपं गावीच वाटून टाकली. नळ सोडून पाहिला नाही. इतका चकचकीत नळ कोरडा कसा असेल?

समोरच्या बाईंचं दार सताड उघडं असायचं. जिन्यातल्या पिंपांची कुलपं मात्र त्या येता-जाता ओढून बघायच्या.

टँकर आला. नवं पिंप भरून मी जिन्यात ठेवलं आणि घराला कुलूप लावलं.

"भाऊ, कुलूप दाराला कावून लावलं? सोफा कोन पितंय?" त्या म्हणाल्या.

मी हसून कामाला गेलो.

संध्याकाळी सोफा सुखरूप होता. रिकाम्या पिंपाचं झाकणही कुणीतरी नीट लावून ठेवलं होतं. शेजार सज्जन मिळाला.