भावोजींना दिसेल असा दिवा

माझे थोरले दीर ठार बहिरे. देवाने कान दिले नाहीत, पण नजर घारीची दिली. घरासमोरच्या नदीत, ठरलेल्या दगडावर उभं राहून ते लॉन्ड्रीचं धुणं धुवायचे. जेवायची वेळ झाली की जाऊबाई गच्चीवरून पांढरी चादर हलवायच्या. भावोजींचं लक्ष तिकडेच. त्यांनी हात वर केला की मी ताटं घ्यायची. आमच्या घरातली हाक ती अशी.

त्या सकाळी जाऊबाई इस्त्रीचे कपडे पोचवायला गेल्या होत्या, मी दवाखान्यात. वर डोंगरात ढगफुटी झाली, धरणाचे दरवाजे उघडले, भोंगा वाजला. काठावरचे सगळे पळाले. भावोजी पाठमोरे उभे राहून चादरी पिळत होते.

भावोजी गेल्यावर भेटायला येणारे म्हणायचे, "नशीब, दुसरं काय!"

"नशीब कसलं? त्यांना कुणी सांगितलंच नाही," म्हणत जाऊबाई कोर्टात गेल्या. मागणी एकच, भोंग्याशेजारी दिवा लावा.

सरकारी वकील म्हणाले, "भोंगा नियमाप्रमाणे वाजला होता."

"वाजला असेल की! पण साहेब, त्यांना माझी भांडणंसुद्धा कधी ऐकू आली नाहीत. म्हणून तर संसार टिकला."

न्यायाधीशसुद्धा हसले. जाऊबाई हसल्या नाहीत. "ऐकू येत नाही त्याने जगायचं नाही का?"

आमच्या वकीलबाईंनी तेच कायद्यात बसवून मांडलं. जगण्याचा हक्क प्रत्येकाचा. पूर येतोय हे ठाऊक असेल, तर ते प्रत्येकाला कळेल असं सांगणं सरकारचं काम. तारखा पडत राहिल्या, जाऊबाईंचे केस पिकले, पण कोर्टाने मानलं.

दिव्याची चाचणी होती तेव्हा आभाळ भरून आलं होतं. भोंगा वाजला, खांबावरचा पिवळा दिवा गरागरा फिरू लागला. लोक टाळ्या वाजवत होते. जाऊबाई मात्र दिव्याकडे बघेनात. थेट भावोजींच्या दगडावर गेल्या आणि दिव्याकडे पाठ करून वाकल्या, धुणं पिळताना वाकतात तशा. पाण्यावर पिवळा उजेड येत होता, जात होता.

"दिसतोय गं," त्या मला म्हणाल्या. "पाठमोरं असूनही दिसतोय. त्यांना दिसला असता."

मग तिथेच बसून राहिल्या. गर्दी पांगली, जेवणं खोळंबली. मी दारातून हाका मारल्या, पण चाचणीचा भोंगा अजून वाजतच होता, त्यापुढे माझं काय चालणार! शेवटी गच्चीवर गेले, दोरीवरची चादर ओढली आणि हलवली.

जाऊबाईंनी वळून पाहिलं आणि हात वर केला. अगदी भावोजी करायचे तस्सा.